ताशी नव्वदला बोलणारा दोष

मोटारीच्या काही दोषांना आवाज असतो, काहींना वास असतो. मी ज्या दोषाविषयी लिहितो आहे, त्याला फक्त वेग होता. ताशी ८० किलोमीटरपर्यंत तो जाणवतच नसे. ८५ला स्टिअरिंग तळहातांत गुणगुणू लागे, ९०च्या आसपास आरशातल्या गाड्या धूसर दिसाव्यात इतके थरथरे आणि १०० जवळ आले की पुन्हा निवांत होई. गाडी सात वर्षांची, साधी हॅचबॅक. राहणे कर्जतला. मुंबईला जायचे असले की मी खालापूरहून द्रुतगती मार्ग धरतो, आणि टोलनाका मागे पडून रस्ता पनवेलच्या दिशेने मोकळा झाला की हे सुरू होई.

मी मिस्त्री नाही, अभियांत्रिकीही शिकलेलो नाही. जुनी दप्तरे आणि बखरी वाचण्यात माझी उमर गेली. पण एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे कसे जायचे, कोणत्या साक्षीवर किती विसंबायचे, ही सवय तिथेच लागली. तीच या प्रकरणात कामी आली, आणि उशिरा कामी आली. त्या उशिराची कबुली शेवटी देतो.

पहिल्यांदा गाडी गावातल्या एका गॅरेजात नेली. तिथे अलाइनमेंट करून दिले. फरक शून्य. आता कळते की तो पडणारही नव्हता. अलाइनमेंट म्हणजे चाकांची तोंडे कुठे वळलेली आहेत ते पाहणे. ते बिघडले तर गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेने झिजतो. सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला थरथर येणे ही त्याची खूण नाही. थरथरीचा संबंध बॅलन्सिंगशी, म्हणजे चाकाचे वजन चहूबाजूंनी सारखे आहे की नाही याच्याशी. हे दोन शब्द आपल्याकडे जोडीने उच्चारले जातात, बिलही एकाच कागदावर होते, म्हणून ते एकच काम वाटते.

दुसऱ्या खेपेला बॅलन्सिंग केले. थरथर गेली, आणि चार दिवसांनी परत आली. मिस्त्रीने गाडी चारफाट्यापर्यंत फिरवून आणली आणि म्हणाला, "साहेब, काही नाही हो. लोण्यासारखी चालते." तो खोटे बोलत नव्हता. त्याने गाडी पन्नासच्या वर नेलीच नव्हती. तिथे नेता येतही नाही.

इथे थोडे गणित करावे लागेल. माझ्या टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिले आहे. रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के, आणि रिम १४ इंची. यावरून चाकाचा व्यास सुमारे ६२ सेंटीमीटर निघतो, आणि गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो हे धरले तर एका फेऱ्यात चाक साधारण १.९ मीटर पुढे जाते. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १३ वेळा फिरते. आता रिमच्या कडेला एका बाजूला फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे असे समजा. या वेगाला ते २० ग्रॅम चाकाला जवळपास अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढतात, आणि हा ओढा सेकंदाला १३ वेळा वर-खाली, मागे-पुढे फिरत राहतो. वेग निम्मा केला की ओढा निम्मा होत नाही, चौथाई होतो. चारफाट्याच्या फेरीत मिस्त्रीच्या हाताला जे लागायचे ते एवढेच.

बैलगाडीच्या काळात सुताराला हा प्रश्न का पडला नसावा, तेही यातून उलगडते. तुंबा, आरे, पाटे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, या कामात तो चाकाची गोलाई आणि सांध्यांची घट्टी निगुतीने पाही. वजनाच्या समतोलाची त्याला गरज नव्हती. ताशी चार किलोमीटरला हा ओढा नव्वदच्या तुलनेत सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतका उरतो.

पण मग १०० जवळ थरथर कमी का व्हावी? ओढा तर वाढतच जातो. याचे उत्तर झोपाळ्यात आहे. झोपाळ्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. लय चुकवून जोर लावला तर अडखळतो. मोटारीचे चाक, त्याला धरणारे दांडे, रबरी बुश, स्प्रिंग आणि टायरमधली हवा मिळून असाच एक झोपाळा होतो. त्याची लय बहुतेक छोट्या गाड्यांत सेकंदाला १० ते १५ आंदोलनांच्या घरात असते. चाकाचे फेरे त्या लयीला जुळले की लहानसा दोष मोठा होऊन हातात येतो. यालाच अनुनाद म्हणतात. वेग त्यापुढे गेला की जुळणी सुटते, दोष मात्र तिथेच असतो.

म्हणजे दोष तयार होतो एका रस्त्यावर आणि बोलतो दुसऱ्याच. आमच्या भागातले गावरस्ते पावसाळ्यात खड्डे आणि चिखल देतात, वेग देत नाहीत. २००२ साली पूर्ण खुला झालेला, ९४.५ किलोमीटरचा सिमेंटचा द्रुतगती मार्ग वेग देतो. तिथल्या सपाटीवर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. म्हणजे माझ्या गाडीची दुखरी जागा नेमकी कायद्याने परवानगी दिलेल्या वेगातच येत होती.

हे लक्षात आल्यावर वही केली. मुलगी शेजारी बसून नोंदी करी. पहिली नोंद: नव्वदला क्लच दाबून इंजिन सोडवले, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन सुटले. आणि इंजिनाची ओढ चाकापर्यंत नेणारा दांडाही बहुधा सुटला, कारण त्याचा सांधा खराब असेल तर ॲक्सिलरेटर दाबताना त्रास वाढतो. दुसरी: मागे कोणी नाही पाहून हलका ब्रेक लावला, थरथर वाढली नाही. ब्रेकची तबकडी वाकडी असती तर ती ब्रेक लावतानाच पुढे आली असती. तिसरी: थरथर हातात आहे, आसनाखाली नाही, म्हणजे संशय पुढच्या चाकांवर. चौथी नोंद मोबाइलने केली. 'फायफॉक्स' नावाचे मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले. ते मोबाइलमधल्या संवेदकाने कंपने मोजते. मुलीने मोबाइल डॅशबोर्डवर घट्ट धरला. सेकंदाला १३. इंजिन त्या वेळी सेकंदाला पंचेचाळीसच्या आसपास फिरत होते. कागदावरचे गणित आणि यंत्राची साक्ष जुळली तेव्हा एखादा जुना शिक्का ओळखू यावा तसा आनंद झाला.

मग चाके काढली. आतल्या बाजूने, जिथे धुताना पाइपचे पाणी पोहोचत नाही, तिथे रिमला शेताडीचा चिखल सुकून दगड झाला होता. एक ढेकूळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले: ४० ग्रॅम. नव्वदला त्याचा ओढा साडेचार किलोंच्या आसपास. चार दिवसांचे कोडे सुटले. टायरवाल्याने चिखलासकट बॅलन्सिंग केले होते. चिखलाचा एक तुकडा गळून पडला आणि त्याला तोलण्यासाठी लावलेले वजनच दोष होऊन बसले. रिम घासली, हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, पुन्हा बॅलन्सिंग केले. थरथर निम्म्यावर आली. गेली नाही.

बहुतेक जण इथे थांबतात. मीही थांबलो असतो. पण वही अपुरी राहिली की मला झोप लागत नाही. डावीकडची दोन्ही चाके पुढची मागे आणि मागची पुढे केली. थरथर स्टिअरिंगमधून निघून आसनाखाली आली. म्हणजे दोष गाडीत नव्हता, पुढून मागे गेलेल्या त्या एका चाकात होता. गाडी जॅकवर घेऊन आधाराला ठोकळे लावले, विटेवर एक काडी आडवी ठेवून तिचे टोक टायरला जवळजवळ टेकवले आणि चाक हाताने सावकाश फिरवले. एका जागी काडी ढकलली गेली. रिमला काडी लावून पाहिली. रिम गोल होती. टायर गोल नव्हता.

बॅलन्सिंगचे यंत्र वजन तोलते. आकाराचा उंचवटा वजनाने भरून निघत नाही. तो प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला ठोसा मारतच राहतो.

टायर उतरवल्यावर टायरवाला गप्प झाला. गाडीच्या पोटाकडच्या कडेला, उभे राहून कधीच दिसणार नाही अशा ठिकाणी, वीतभर लांबीत रबर उचलले गेले होते; आतला पोलादी तारांचा पट्टा सुटायला लागला होता. भाद्रपदात एका पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी आदळल्याचे मला आठवले. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर गाडीइतकाच जुना होता. "हा घाटात नाही, सपाटीवरच फुटला असता," टायरवाला म्हणाला. "वेगात."

आता कबुली. वही सुरू करण्याआधी दोन महिने मी एक सोपा उपाय शोधला होता: गाडी ८०च्या वर न्यायची नाही. थरथर नाही, म्हणजे त्रास नाही. मुलीलाही तसेच शिकवले होते आणि ती आठवड्यातून दोनदा एकटी पनवेलला जात होती. ८०ला झोपाळ्याची लय जुळत नव्हती एवढेच. टायर प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा सुटत होता, दर किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. मी दोष टाळला नव्हता. त्याची साक्ष तेवढी बंद केली होती.

लहानपणी कर्जत स्टेशनात एक माणूस पाहिल्याचे आठवते. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिन लागेपर्यंत गाडी थांबे, आणि तो लांब दांड्याच्या हातोडीने एकेक चाक ठोकत पुढे जाई. चाक निकोप असेल तर घंटेसारखे वाजे. घाटात चाकाने बोलण्याची तो वाट पाहत नसे. आधी, थांबलेल्या गाडीतच, त्याला बोलायला लावी.