रूळ गेले, रूढी उरली

विजेवर चालणाऱ्या वाहनांचा इतिहास आपण बहुधा विज्ञानाचा इतिहास म्हणून वाचतो. अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी असलेल्या मॉन्टगोमेरी या लहानशा शहराच्या ट्रामचा इतिहास मात्र विज्ञानापाशी थांबत नाही. म्हणूनच तो या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

१५ एप्रिल १८८६ रोजी मॉन्टगोमेरीच्या कोर्ट स्ट्रीटवर, सुमारे एक मैलाच्या मार्गावर, विजेची ट्राम धावू लागली. मूळचे बेल्जियमचे असलेले संशोधक चार्ल्स व्हॅन डेपूल यांची ही योजना होती. रस्त्यावर टांगलेल्या तारेतून वीजप्रवाह गाडीच्या मोटारीपर्यंत येई व मोटार चाकांना गती देई. जनावरांनी ओढलेल्या ट्रामगाड्यांच्या त्या काळात, आपली संपूर्ण ट्रामव्यवस्था विजेवर नेणारे हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. लोक या मार्गाला ‘लाइटनिंग रूट’, म्हणजे विद्युल्लतेची वाट, म्हणू लागले.

परंतु गाडी नवी असली, तरी तिच्यात बसणारा समाज जुनाच होता. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, तरी १९०० साली शहराने ट्राममध्ये गोऱ्या व कृष्णवर्णीय उतारूंना वेगवेगळे बसवण्याचा नियम केला. कोणी कोठे बसावे, हे ठरवण्याचा अधिकार वाहकाला मिळाला. कृष्णवर्णीय नागरिकांनी ट्रामवर बहिष्कार घातला आणि ते पायी चालू लागले. हा लढा १९०२ पर्यंत चालला. कंपनीच्या उत्पन्नाला झळ पोचली, पण भेदाचे मूळ उपटले गेले नाही.

त्या नियमात एक तरतूद होती : दुसरे आसन रिकामे नसेल, तर कोणासही उठवू नये. पुढे रूढी अशी पडली, की गोऱ्या उतारूला जागा नसेल तर कृष्णवर्णीयाने उठून उभे राहावे. कायद्याने जे मागितले नव्हते, ते रूढीने वसूल केले. महाडची कथा आठवावी. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला, तरी रूढीने ते बंदच ठेवले. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रहींसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले.

१९३६ साली मॉन्टगोमेरीतील ट्राम बंद होऊन तिच्या जागी बस आली. वाहन बदलले, पण बसण्याची रीत बदलली नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या महिला कोर्ट चौकात बसमध्ये चढल्या. पुढे चालकाने सांगूनही त्यांनी आसन सोडले नाही, म्हणून त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय नागरिकांनी बसवर बहिष्कार घातला. त्याचे नेतृत्व सव्वीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे आले. बसचे बहुसंख्य उतारू कृष्णवर्णीयच होते. ते ३८१ दिवस पायी चालले, एकमेकांच्या मोटारींतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेला जेमतेम महिना होत असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील हा भेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. २१ डिसेंबरपासून मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये कोणीही कोठेही बसू लागले.

ट्रामला वीज मिळाली त्या दिवसापासून समान आसन मिळेपर्यंत सत्तर वर्षे गेली. यंत्राने वेग दिला, परंतु समता माणसांना पायी चालूनच मिळवावी लागली. आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान मन लावून शिकावे, ही आमची इच्छा आहेच. मात्र प्रत्येक नव्या साधनाविषयी त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : हे चालते कसे? आणि यात कोणाला कोठे बसवले जाते?