ओला भुसा खरंच स्वस्त पडतो का?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. इचलकरंजीचा एक श्रोता विचारतोय, "दादा, आमच्या काकांच्या कापड प्रोसेसिंग युनिटला लाकडावर चालणारा बॉयलर आहे. सॉ मिलवाला ओला भुसा 3 रुपये किलोने देतोय, वाळलेला 5 रुपयांना पडतो. काका वर्षभराचा सौदा करायला निघालेत. करू द्यावा का?"

माझं म्हणणं, आधी हिशोब करा.

ताज्या कापलेल्या लाकडात साधारण निम्मं वजन पाण्याचं असतं. म्हणजे एक किलो भुसा घेतला, तर लाकूड मिळालं अर्धाच किलो. वर हे पाणी फुकट जात नाही. त्याची वाफ करायला त्याच लाकडाची उष्णता खर्च होते आणि ती वाफ चिमणीतून निघून जाते.

आकड्यांत सांगतो. अगदी कोरड्या लाकडातून किलोला साधारण 4400 किलोकॅलरी मिळतात. 20 टक्के ओल असेल तर 3400 च्या आसपास. 50 टक्के असेल तर जेमतेम 1900! आता काकांचा भाव लावा. 1000 किलोकॅलरीसाठी वाळलेल्या भुशाचे 1 रुपया 47 पैसे, ओल्याचे 1 रुपया 58 पैसे. स्वस्त वाटणारा मालच महाग निघाला. या हिशोबाने ओल्याला 2 रुपये 80 पैशांपेक्षा जास्त देणं म्हणजे पाणी विकत घेणं.

हा झाला फक्त कागदावरचा तोटा. ओलीमुळे भट्टीचं तापमान उतरतं, लाकडातून निघणारा वायू पूर्ण जळत नाही, मग धूर होतो, काजळी धरते आणि वाफेचा दाब पडतो. रंगाईचा माल मशीनमध्ये असताना दाब पडला, तर काय होतं ते काकांना विचारा.

तुम्ही म्हणाल, साखर कारखान्यात तर उसाची ओली चिपाडंच जाळतात! बरोबर. गाळपानंतरच्या बगॅसमध्येही सुमारे 50 टक्के ओल असते. पण तिथला बॉयलर त्या ओलीसाठीच बांधलेला असतो. मोठी भट्टी, चिमणीकडे जाणाऱ्या धुरावर आधीच तापवलेली हवा. त्यामुळे इंधन आत पडता पडता वाळतं. वाळक्या लाकडासाठी घेतलेल्या छोट्या बॉयलरकडून ही अपेक्षा ठेवू नका.

मग ओला भुसा घ्यायचाच नाही का? घ्या की, पण ओल मोजून. ढिगाच्या आतून, चार ठिकाणचा मिळून 100 ग्रॅम भुसा घ्या. 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा. 60 ग्रॅम उरला, तर ओल 40 टक्के. सौदा करताना भाव कोरड्या वजनावर ठरवा आणि प्रत्येक गाडीचा नमुना तपासा.

आणखी एक. ओल्या भुशाचा उंच ढीग महिनोन्‌महिने ठेवू नका. आत जंतू वाढतात, ढीग तापतो, लाकूड कुजतं, कधी आपोआप पेटही घेतो. छपराखाली पातळ थर पसरा, वारा लागू द्या, अधूनमधून खालीवर करा.

तर मित्रा, हा भाग काकांना फॉरवर्ड कर, सही व्हायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!