सिंहगडावरची पंगत

पुण्याच्या माणसाला रविवारी पहाटे चार वाजता कोणी हाक मारली, तर ती दोनच कारणांसाठी असते, असे पूर्वी गमतीने म्हणत. एक तर पाहुण्यांना गाडीवर पोचवायचे असते, नाही तर सिंहगड चढायचा असतो. आमच्या गटाचे कारण दुसरे. गट म्हणजे तरी काय? ना नाव, ना घटना, ना वर्गणी. एक इंजिनियर, दोन शिक्षिका, एक औषधविक्रेते नि त्यांच्या सौभाग्यवती, कॉलेजात मराठी शिकवणारा मी, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ह्यांना आम्ही सगळे ‘आजोबा’च म्हणत असू.

आतकरवाडीच्या पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट अडीच-तीन किलोमीटरांची. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यात सुमारे सहाशे मीटर उंची चढावी लागते, म्हणून पहिल्या टप्प्यालाच भलेभले गप्प होतात. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची तेराशे मीटरांच्या घरात. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे हा गड रात्री, तोही कड्याने चढले. आम्ही मळलेल्या वाटेने चढतो आणि वर जाऊन मनगटावरच्या घड्याळात मिनिटे मोजतो! आता लपवून काय उपयोग? मिनिटे मोजणाऱ्यांत मी पहिला होतो.

२०१९ च्या श्रावणातली गोष्ट. धुके दाट होते. आम्ही चौघेपाच जण तासाभरात वर पोचलो. भिजलेल्या अंगाला चुलीची ऊब बरी वाटत होती, कढईत कांदाभजी तळली जात होती. “मागचे येतीलच,” असे म्हणत आम्ही पहिली थाळी मागवली, मग दुसरी. पिठले संपले, मडक्यातले दही संपले. आजोबा आले तेव्हा आम्ही हात धुऊन परतीच्या गोष्टी बोलत होतो. त्यांची बायपास होऊन दोन वर्षे झाली होती. चढायला डॉक्टरांची परवानगी होती, पण एका अटीवर : चालता चालता दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत, दम लागून बोलणे तुटले, की थांबायचे. अट ते काटेकोर पाळत. “वा, झाले का तुमचे? छान, छान,” असे म्हणून त्यांनी उभ्याउभ्याच अर्धी भाकरी खाल्ली.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेलो. प्रकृती ठणठणीत होती. दारात एकच चपलांचा जोड, ओट्यावर एकच पालथे घातलेले ताट. आजी जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

“आजोबा, येत का नाही?” मी विचारले.

ते हसले. “सर, रागावलो नाही हो मी. पण एकट्याने जेवायला मला घर आहे की! त्यासाठी गड कशाला चढू?”

ह्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जिना उतरताना मला ‘पंगत’ हा शब्द आठवला. मूळ संस्कृत ‘पङ्क्ति’, म्हणजे रांग. वर्गात हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पण अरुंद वाटेवरून चढणाऱ्यांची रांग आणि भाकरीला बसणाऱ्यांची रांग ही एकच, आणि पहिली मोडली की दुसरी बसत नाही, हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते.

आम्ही एक नियम केला. सर्वांत सावकाश चालणाऱ्याने सर्वांत पुढे चालायचे आणि त्याला कोणी ओलांडायचे नाही. इंजिनियरांनी कुरकुर केली. खरे सांगायचे तर मनातून मीही केली. आजोबांना आणायला मात्र दोघेही गेलो.

त्या डिसेंबरातल्या एका रविवारी आजोबांना पंचाहत्तरावे लागले. पहाटेच्या थंडीत ते पुढे आणि आम्ही त्यांच्या मागे. लहान लहान पावले, मधूनमधून थांबा. ते थांबले की आम्ही मागे वळून पाहायचो. खालच्या अंधारातून खडकवासल्याचे पाणी हळूहळू उजळत होते. दहा वर्षे ही वाट चढत होतो, पण तिच्यावर मी आजवर पाहिले होते ते फक्त माझे बूट! डोक्यावर दह्याची पाटी घेतलेली एक बाई आम्हा सगळ्यांना सहज मागे टाकून गेली, तेव्हा आमच्या घड्याळांचा उरलासुरला अभिमानही तिच्याबरोबर वर गेला.

पोचायला एक तास पन्नास मिनिटे लागली. (मोजली मीच, सवय जाता जात नाही.) भाकऱ्या थापणाऱ्या मावशींनी आमच्याकडे पाहिले. “आज समदे एकदमच? कुनाचं लगीन हाय का?”

“ह्यांचा वाढदिवस आहे, मावशी.”

मग सतरंजी पसरली गेली. गरम भाकरी, झणझणीत पिठले, वांग्याचे भरीत, लसणाची चटणी, ठेचा, आणि शेवटी मडक्यातले घट्ट दही. शिक्षिकाबाईंनी घरून आणलेले बेसनाचे लाडू मध्ये ठेवले. मावशींनी त्यातला एक घेतला आणि आजोबांच्या ताटात, पैसे न धरता, एक भाकरी जास्त घातली. आजोबांनी पहिला घास मोडला, पण तोंडात घातला नाही. ते रांगेकडे पाहत होते, सगळ्यांच्या ताटांत पडले आहे ना, म्हणून. मग म्हणाले, “हं, करा सुरुवात.”

दिवाळीच्या पहाटे आपल्या घराघरांत फराळाची ताटे मांडली जातील. कोणाला फोन येईल, कोणाला बाहेर जायचे असेल, कोणी उभ्यानेच चकली तोंडात टाकील. त्याच वेळी आतल्या खोलीतून कोणी तरी भिंत धरत धरत येत असेल. त्यांना यायला पाच मिनिटे लागतील. चकली तेवढ्यात मऊ पडत नाही.