तिसऱ्या नमुन्यातला माणूस

शहरात कोण केव्हा अटकेत पडले याची नोंद सरकारने ठेवावी आणि ती कोणालाही पाहता यावी, ही व्यवस्था अटक झालेल्या माणसाच्या रक्षणासाठी जन्माला आली असली, तरी आज पुण्यासारख्या शहरात तिचा उपयोग पुष्कळदा माणूस पारखून बाजूला सारण्यासाठी होतो, हे माझ्या ध्यानी आले ते एका परिचित घरमालकांच्या बोलण्यातून. खोली मागायला आलेल्या एका तरुणाचे नाव त्यांनी पोलिसांच्या संकेतस्थळावरील अटक-यादीत शोधले होते, ते तेथे सापडले होते, आणि तेवढ्या आधारावर त्याला नकार देऊन ते मोकळे झाले होते. पुढे त्या खटल्याचे काय झाले, असे मी विचारले तेव्हा "ते आता कुठे बघायचे?" असा त्यांनी प्रतिप्रश्न केला, आणि तो मुळीच गैरवाजवी नव्हता. ती ओळ लिहितो कोण, ती वाचायला कोठे जावे आणि तिचा शेवट कोणत्या दप्तरात सापडतो, हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून मी शहराच्या मध्यवस्तीतल्या एका पोलीस ठाण्यात, आणि तेथून शिवाजीनगरच्या न्यायालयात जाऊ लागलो.

ठाण्यात पाऊल टाकताच नाकाला भिडतो तो लाखेचा वास. मुद्देमालाची पुडकी कापडात शिवायची, सुतळीने आवळायची, गाठीवर मेणबत्तीच्या ज्योतीत वितळवलेली लाख टाकायची आणि ती निवण्याच्या आत तिच्यावर पितळी मोहोर दाबायची, हे काम मागच्या खोलीत मुद्देमाल कारकून करीत असतात; संगणक, कॅमेरे, बिनतारी यंत्रे असे सारे काही येऊन ठेपलेल्या त्या वास्तूत हा एक करपट, गोडसर वास मात्र इंग्रजी अमदानीपासून बदली न झालेल्या जुन्या नोकराप्रमाणे ठाण मांडून बसला आहे. दर्शनी दालनात ठाणे अंमलदारांचे मेज, आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीवर पांढरा फळा: अटक झालेल्यांची नावे, पत्ते, गुन्ह्याची कलमे. हा फळा ठाण्याच्या मर्जीवर लटकलेला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी या माहितीसाठी नेमावा लागतो, आणि अटकेतील व्यक्तींची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात, तसेच जिल्ह्याच्या मुख्यालयी, ठळकपणे प्रदर्शित करावे लागते. मी फळा वाचू लागलो तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. "यातलं कोण तुमचं?" एवढेच अंमलदारांनी विचारले, आणि कोणी नाही असे सांगताच त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले, फळ्यापुढे उभा राहणारा माणूस एक तर आप्त असतो, नाही तर वार्ताहर, असा त्यांचा आजवरचा अनुभव असावा.

या कामाचे अंतरंग मला उलगडून दाखवले ते पैरवीच्या हवालदारांनी. ठाण्याचे कागद न्यायालयात पोचवायचे, तारखेला साक्षीदार हजर राहतील हे पाहायचे आणि निकाल लागला की तो ठाण्यात येऊन कळवायचा, हा त्यांचा नित्यक्रम. सेवानिवृत्तीला टेकलेले, अंगाने कृश, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी आणि तोंडी एकच आकडा. "चोवीस तास, साहेब. त्याच्यापुढं एक मिनिट नाय." अटकेविषयी काहीही विचारा, उत्तराचा आरंभ चोवीस तासांनी व्हायचा. अटक झाली की प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत आरोपी दंडाधिकाऱ्यांपुढे उभा केलाच पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने हा मूलभूत हक्क मानला, तरी मुदत त्याहून जुनी, १८९८ च्या फौजदारी संहितेतलीच आहे. गुन्ह्याची प्राथमिक खबर नोंदली गेली की चोवीस तासांत ती संकेतस्थळावर चढवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. आरोपीच्या वतीने त्याच खबरीची नक्कल मागितली गेली, तर तीही चोवीस तासांत द्यायची.

भरलेला कागद परक्याला दाखवायला त्यांनी नकार दिला, आणि तो योग्यच होता. परंतु अटकेचा कोरा नमुना त्यांनी माझ्यापुढे पसरला. देशभरच्या ठाण्यांत तपासाचे जे ठरीव नमुने चालतात त्यांतला हा तिसरा. पहिला प्राथमिक खबरीचा, दुसरा घटनास्थळाच्या तपशिलाचा, आणि हा तिसरा अटकेचा. नाव, वय, पत्ता, अटकेची तारीख, वेळ, ठिकाण यांच्यावर तो थांबत नाही. बांधा, उंची, वर्ण, दात, केस, डोळे, पेहेरावाची सवय, बोली, भाजल्याचे डाग, कोड, तीळ, व्रण, गोंदण अशा रकान्यांमागून रकाने येत जातात, आणि शिक्षण, व्यवसाय, राहणी, उत्पन्नाचा गट हेही विचारले जाते. त्याच्याखाली, हा मनुष्य धोकादायक वाटतो काय, जामिनावर सुटल्यास पळून जाण्याचा संभव आहे काय, पुन्हा गुन्हा करील काय, असे प्रश्न येतात, ज्यांची उत्तरे त्याला पुरते एक दिवसही न ओळखणाऱ्या अंमलदाराने लिहायची असतात. एखाद्याचे इतके बारकाईने वर्णन त्याच्या सोयरिकीच्या वेळी तरी झाले असेल की नाही, कोण जाणे.

एका सकाळी मी फळ्यापाशी असताना वस्तीतून आलेली एक प्रौढ बाई दारातच घुटमळत राहिली. मुलाला रात्री कोणी तरी घेऊन गेले, एवढेच तिला ठाऊक होते. कोणत्या ठाण्याने नेले, कशासाठी नेले, तो धड आहे की नाही, यातले काहीच कळत नव्हते, आणि फळ्यावरची अक्षरे तिच्या उपयोगाची नव्हती. पैरवीचे हवालदार पिशवी खांद्याला लावून निघाले होते, ते थबकले. "मावशी, नाव सांगा पोराचं." तिने सांगितले, त्यांनी फळ्यावर बोट ठेवून तिसरी ओळ मोठ्याने वाचली, कलम सांगितले, आणि म्हणाले, "दुपारी कोर्टात आणतील, तिथं बघा त्याला. वकील नसंल तर विधी सेवा प्राधिकरणाचं विचारा, फुकट मिळतो." बाई मटकन बाकावर बसली, पण चेहऱ्यावरचा तो सैरभैर भाव ओसरला होता. अटकेची नोंद सार्वजनिक असावी ती कोणासाठी, याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकाआधी तेथे मिळाले.

कायद्याचे पुस्तकही तेच सांगते. पश्चिम बंगालमधील विधिसाहाय्याच्या कार्यातले दिलीप बसू यांनी कोठडीतील मृत्यूंची वृत्ते जोडून १९८६ च्या ऑगस्टात सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा दंडक घालून दिले. अटक करणाऱ्याने नाव व हुद्दा दर्शविणारी पट्टी लावावी, अटकेचा कागद जागीच करून त्यावर आप्ताची वा मोहल्ल्यातील प्रतिष्ठिताची साक्ष घ्यावी, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि अटक व कोठडीचे ठिकाण बारा तासांत नियंत्रण कक्षाला कळवून तेथील फलकावर लावावे. नाव चारचौघांत लागले की माणूस गुपचूप नाहीसा करता येत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

आता ज्याला अशी नोंद शोधायची असेल त्याच्यासाठी मार्ग थोडक्यात असा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे व तारखा निवडून अटक झालेल्यांची यादी आणि प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक खबरी पाहता येतात. मात्र लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा प्रकरणांतील खबरी तेथे येत नाहीत, आणि विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करणे २०१५ च्या बालन्याय कायद्याने निषिद्धच आहे. न्यायालयातील कागद हवा असल्यास नक्कल विभागात अर्ज करावा, आणि प्रकरणाशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताने नक्कल कशासाठी हवी ते लिहावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयापुरता व दीडशे शब्दांत बसवावा लागतो, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची, परंतु कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांची आहे. तपास चालू आहे, एवढ्याच सबबीवर माहिती नाकारता येत नाही, त्या माहितीने तपासाला बाध कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. केस डायरी मात्र आरोपीलाही मागता येत नाही.

येथपर्यंतची वाट मला सुगम वाटली, आणि म्हणूनच पुढची खटकली. अटक तिसऱ्या नमुन्यात लिहिली जाते. न्यायालयाचा निकाल सहाव्यात आणि अपिलाचा सातव्यात. मधल्या काळात वर्षे जातात. कधी खटला उभाच राहत नाही: तपासाअंती पोलीस समरी पाठवतात, आणि तिच्यातही गुन्हा खरा पण छडा न लागलेला असल्यास 'अ', फिर्यादच खोटी ठरल्यास 'ब', गैरसमजुतीने वा दिवाणी वादातून दाखल झाली असल्यास 'क' असा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्धची फिर्याद खोटी होती असे खुद्द पोलिसांनीच लिहून दिले, त्याचेही नाव अटकेच्या यादीत त्या दिवसाखाली जसेच्या तसे राहते, आणि शोधणारा तेवढे पाहून उठतो. शिवाय एकाच नावाचे कितीतरी जाधव, शेख आणि कांबळे या शहरात नांदत असताना केवळ नावावरून माणूस ठरवणे हा शुद्ध जुगार होय.

निकालाचा कागद ठाण्यात किती दिवसांत पोचतो, असे मी हवालदारांना विचारले. चोवीस तास हे शब्द या वेळी आले नाहीत. "त्याला कसली आलीय मुदत? नक्कल मिळाली, की मी आणतो. मी रजेवर असलो, तर राहतं. संगणकावरच्या बाई बंदोबस्ताला गेल्या, तर अजून राहतं." मग पिशवीचा पट्टा सारखा करीत ते म्हणाले, "अटकेच्या दिवशी फोन थांबत नाही, साहेब. निकाल विचारायला अजून कोणी आलेलं नाही." या माणसाविषयी मला आदर वाटला, कारण जे काम त्यांच्याविना अडले असते आणि केल्याचे कोणाला कळलेही नसते, ते ते पायपीट करून करीत होते, ज्या रचनेने हा भार एका वृद्ध हवालदाराच्या खांद्यावर ठेवला, तिच्याविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

ही रचना बदलेपर्यंत शोधणाऱ्याच्या हाती एक उपाय आहे, आणि घरमालकांच्या प्रश्नाचे तेच उत्तर. अटकेच्या नोंदीतून नावाऐवजी गुन्हा रजिस्टर क्रमांक, वर्ष आणि ठाणे टिपून घ्यावे. ई-कोर्ट्सच्या सेवेत त्या तिहींवरून प्रकरण शोधता येते, आणि एकदा प्रकरणाचा सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक हाती आला की तारखा व निकाल घरबसल्या वाचता येतात. हे करायला चहा पिण्याइतका वेळ लागतो. जो एवढे करणार नाही, त्याने अटकेच्या नोंदीचा आधार घेऊन कोणाची नोकरी, खोली वा सोयरीक नाकारण्याचा अधिकार गमावला, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु नागरिकाच्या सदसद्विवेकावर सारे सोडून शासनाने हात झटकणे उचित नव्हे. अटक जगजाहीर करण्याची जी निकड त्याने कायद्याने स्वतःवर घेतली, तीच सुटकेच्या बाबतीतही घेतली पाहिजे: ज्या यादीत नाव चढवले त्याच यादीत, त्याच ओळीपुढे, समरी असो वा निर्दोषत्व, निकाल लिहिला जावा, आणि तिसऱ्या नमुन्याप्रमाणे सहाव्यालाही मुदत असावी. किती तासांची, हे ठरवण्यासाठी समिती नेमण्याचे प्रयोजन नाही. त्या हवालदारांना विचारले, तर ते एका दमात सांगतील.