ऑफिसचा कॉम्प्युटर भोपाळात, आपण गावी : फायरवॉल न उघडता काम कसे करायचे?

भोपाळ : रायसेन रोडवरच्या आनंद नगरात हिशेबाचे काम करणारा मराठी माणूस सणासुदीला बऱ्हाणपूर, बैतूल नाहीतर अमरावतीला गेला, की अडचण ठरलेली. टॅलीचा डेटा ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि जीएसटीचे मासिक ३बी रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी (व्यवहारच नसेल तर २०), थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळे.

मग घाईत राऊटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ नंबरचे पोर्ट सगळ्या जगाला उघडे करून ठेवले जाते. रॅन्समवेअरवाले नेमके असेच पोर्ट शोधत असतात. डेटा कुलूपबंद होतो आणि खंडणी मागितली जाते.

आतून बाहेर जाणारी वाट

फायरवॉल म्हणजे फाटकावरचा वॉचमन. बाहेरून येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही. एसएसएच बोगद्याची युक्ती यावरच चालते. एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल, १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी तयार केले. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले होते, त्यावरचा हा उपाय.

काम तीन टप्प्यांत होते.

१. इंटरनेटवर एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा.
२. ऑफिसचा कॉम्प्युटर स्वतःच त्या सर्व्हरला जोडणी करतो. आदेशात मोठा 'आर' हा पर्याय दिला, की सर्व्हरवरचे एक पोर्ट ऑफिसच्या ३३८९ ला जोडले जाते. हा झाला उलटा बोगदा.
३. गावातला लॅपटॉप मोठा 'एल' हा पर्याय देऊन त्याच सर्व्हरला जोडायचा. आता रिमोट डेस्कटॉप सुरू केला, की ऑफिसची स्क्रीन समोर.

विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच आयतेच मिळते. मात्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजची 'होम' आवृत्ती असेल तर रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरता येत नाही, 'प्रो' लागते.

काय सांभाळायचे?

सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद ठेवावे, फक्त किल्लीची फाईल चालवावी. बोगद्याचे पोर्ट सर्व्हरपुरतेच राहू द्यावे. मूळ सेटिंग तसेच असते, ते बदलू नये. लाईट गेली की बोगदा तुटतो, म्हणून कॉम्प्युटर सुरू होताच तो आपोआप जोडला जाईल अशी सोय करावी. अपडेट टाळू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : कॉम्प्युटर मालकाचा असेल तर लेखी परवानगी घ्या. न विचारता काढलेला बोगदा म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला पाडलेले भोक. त्यातून आत कोण शिरले, याचा जाब काढणाऱ्यालाच द्यावा लागेल.

कोणी फोनवरून "ॲप टाका, कोड सांगा" म्हणाले, तर सरळ फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. हा नंबर मध्य प्रदेशात, महाराष्ट्रात, कर्नाटकात, सगळीकडे तोच आहे.