प्लॅस्टिकला मुलामा कसा देतात?

मोटारीच्या तोंडावरची चकचकीत जाळी तुम्ही पाहिलीच असेल. लोखंडाची वाटते ना? पण पुष्कळ गाड्यांची ती जाळी आतून प्लॅस्टिकची असते! माझा मामा मुलामा देण्याच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने मला ही माहिती सांगितली.

भांड्याला कल्हई करताना भांडे तापवतात. प्लॅस्टिक तसे तापवले तर वितळेल. म्हणून विजेने मुलामा देतात. पण प्लॅस्टिकमधून वीज तर जात नाही! मग करतात काय?

या कामाला बहुधा एबीएस नावाचे प्लॅस्टिक घेतात. त्यात रबराचे अगदी बारीक कण असतात. क्रोमिक आम्लात बुडवले की वरचे कण निघून जातात व डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. गिलावा धरावा म्हणून गवंडी गुळगुळीत भिंतीला खाचा पाडतो ना, तसेच हे. मग त्यावर पॅलेडियम धातूचे कण बसवतात. त्यांच्यामुळे विजेशिवायच निकेलचा पातळ थर चढतो. आता वीज खेळू लागते. पुढे एकेका टाकीत बुडवून तांबे, निकेल आणि शेवटी क्रोमियम चढवतात. क्रोमियमचा थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो, पण कठीण असतो. टाकीतले रसायन बदलले की छटा बदलते. कधी निळसर पांढरी, कधी धुरकट, कधी काळी.

आता महत्त्वाचे. जुन्या पद्धतीचे नारिंगी क्रोमियम विषारी असते. त्याला हेक्साव्हॅलंट क्रोमियम म्हणतात. त्याचे तुषार श्वासावाटे गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मामाच्या आधीच्या कारखान्यात हातमोजे मिळत नसत. त्याच्या बोटांवर जखमांचे वण अजून आहेत.

हे पाणी तसेच ओढ्यात सोडायचे नसते. आधी त्यात सोडियम बायसल्फाइट घालतात, तेव्हा पिवळा रंग जाऊन हिरवा येतो. मग चुना घालून गाळ खाली बसवतात. तो गाळही उकिरड्यावर टाकत नाहीत. आता शेवटच्या थरासाठी कमी घातक, ट्रायव्हॅलंट क्रोमियमही निघाले आहे. युरोपात तर २०१७ पासून जुन्या क्रोमिक आम्लाच्या वापराला खास परवानगी लागते.

पालकांनो, तुमच्यापैकी कोणी अशा कामावर असेल तर हातमोजे घातल्याशिवाय टाकीजवळ जाऊ नका. जेवणाआधी हात धुवा. कारखान्याजवळच्या ओढ्याचे पाणी पिवळे दिसले तर त्यावर गुरे नेऊ नका, ग्रामपंचायतीला लगेच कळवा.

– इयत्ता ७ वी