सोंगटीवरचे ऊन

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला रचून, त्याच्या उतारावर अळीव पेरून, बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने एक गोष्ट पाहिलेली असते. हातात धरलेल्या मावळ्याचा तांबडा अंगरखा, काळी मिशी आणि पिवळ्या मुठीची तलवार स्वच्छ दिसते. परंतु तोच मावळा किल्ल्यावर ठेवून चार पावले मागे सरले, की मिशी लोपते, अंगरख्याच्या चुण्या सपाट होतात आणि केवळ एक तांबडा ठिपका उरतो. एवढ्याशा आकृतीचे माणूसपण दुरूनही कसे टिकवावे, हा प्रश्न ज्यांनी आपल्या फुरसतीचा विषय केला, अशा हौशी माणसांचा मोठा समुदाय आज देशोदेशी आहे. पटावरील खेळांत, म्हणजे ज्यांना आता आपणही बोर्ड गेम म्हणतो त्यांत, सोंगट्यांच्या जागी असणाऱ्या बोटभर मूर्ती रंगवणे हा त्यांचा छंद, आणि काही वर्षांपासून तो माझाही आहे. या मूर्तींना ही मंडळी नुसते 'मिनी' म्हणतात.

खेळासाठी फौज रंगवण्याचा हा परिपाठ मूळचा युरोपातला. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. पुढे इंग्लंडात विल्यम ब्रिटन याच्या कारखान्याने १८९३ साली शिशाचा रस साच्यात ओतून, कडेचा थर थिजताच उरलेला रस परत काढून घेण्याची युक्ती योजली, आणि आतून पोकळ, म्हणून वजनाला हलके व किमतीला स्वस्त असे शिपाई तिथल्या घराघरांत पोचवले. असलेच शिपाई जमिनीवर मांडून एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले आणि दिवाणखान्यातील लढाईला नियमांची सनद दिली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, तेव्हा या फौजेतला एकेक शिपाई रांगेतून बाहेर पडून स्वतःच्या नावाचा व स्वभावाचा नायक झाला. इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ साली 'वॉरहॅमर' आणला, १९८७ साली 'गोल्डन डीमन' ही खास रंगकामाची स्पर्धा सुरू केली, आणि खेळापूर्वीची तयारी म्हणून होणाऱ्या या कामाला स्वतंत्र कसबाचा दर्जा लाभला. त्यानंतर १९८९ सालचा 'हीरोक्वेस्ट' आणि २०१२ सालचा 'झॉम्बीसाइड' यांसारख्या खेळांनी प्लास्टिकच्या न रंगवलेल्या मूर्ती पेटीत घालूनच दिल्या. एकट्या 'झॉम्बीसाइड'च्या पहिल्या पेटीत अशा ७१ मूर्ती होत्या.

'मिनिएचर' या इंग्रजी शब्दाचा लहानपणाशी मुळात संबंध नाही. लॅटिन भाषेत 'मिनियम' म्हणजे शिशापासून होणारा तांबडा रंग, अर्थात आपला शेंदूर. मध्ययुगीन हस्तलिखितांतील अक्षरे व चित्रे या रंगाने सजवीत असत. त्या कामाचे नाव पुढे त्या चित्रांना पडले, आणि ती चित्रे लहान असल्यामुळे कालांतराने ते लहान वस्तूंना लागू झाले. अनघड दगडाला शेंदूर लावून त्यात देव पाहणाऱ्या आपल्या मुलखातील माणसाला ही व्युत्पत्ती आपलीशी वाटावी, कारण रंग चढल्यावरच आकृती पाहणाऱ्याच्या लेखी जागी होते, हे आपण फार पूर्वीपासून जाणतो.

या छंदातील मूर्तींचे एक रूढ माप तळपायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर असे आहे; म्हणजे खरा मनुष्य त्यांच्याहून पंचावन्न-साठ पट मोठा. या मापातच साऱ्या रंगकामाचे मर्म आहे. खऱ्या माणसाच्या धोतराच्या निऱ्यांत पडणारी सावली आपल्याला अंगणापलीकडूनही दिसते. पण मूर्तीच्या वस्त्राची चुणी मिलिमीटरच्या अंशाइतकीच खोल, आणि तिच्यात पडणारी छाया हातभर अंतरावरून डोळ्यास कळत नाही. म्हणून या मूर्तीला केवळ रंग देऊन भागत नाही, तर तिच्यावर पडावयाचे ऊन आणि त्या उन्हाची सावली हीदेखील रंगवणाऱ्यालाच कुंचल्याने घालावी लागते. मावळ्याचा ठिपका होण्याचे कारण हेच, आणि त्यावरचा इलाजही हाच.

कामाचा क्रम असा. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे मूर्तीवर बारीक शीर उमटते. ती धारदार पात्याने खरवडून काढावयाची आणि साच्यातून येणारा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवावयाचा. मग मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवावी, म्हणजे रंगवताना तिला बोट लागत नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर पाण्याचा रंग ठरत नाही, यास्तव प्रथम प्रायमरचा, म्हणजे अस्तराचा हात द्यावा लागतो. कित्येक जण सर्वांगी काळे अस्तर देऊन, ते वाळल्यावर केवळ माथ्याच्या दिशेने पांढरे फवारतात. मध्यान्हीचे ऊन मूर्तीवर कोठे पडेल आणि सावली कोठे राहील, याचा संपूर्ण नकाशा त्यामुळे पहिल्या रंगापूर्वीच तयार होतो. आपल्याकडे पावसाळ्यात मात्र फवाऱ्याच्या डब्यावर भरवसा ठेवू नये. दमट हवेत फवारलेले अस्तर भुकटीसारखे खरखरीत बसते आणि चेहऱ्याचे बारकावे त्याखाली बुजतात. माझ्या काही मूर्ती एका आषाढात अशाच वाया गेल्या. त्या दिवसांत कुंचल्याने लावावयाचे अस्तर उत्तम.

त्यानंतर अंगाच्या आतून बाहेर येत, आधी त्वचा, मग वस्त्र, मग चिलखत अशा क्रमाने मूळ रंग भरावेत. ॲक्रिलिक रंग पाण्याने सायीच्या दुधाइतके पातळ करून त्यांचे दोन हात द्यावेत. घट्ट रंगाचा एक हात काम लवकर उरकतो, पण शिल्पकाराने कोरलेले नाक-डोळे कायमचे झाकून टाकतो. हे झाले की 'वॉश', म्हणजे गडद रंगाचे पातळ पाणी, मूर्तीवर सोडतात. ते उंचवट्यांवरून ओघळून चुण्यांत, बोटांच्या फटींत आणि चिलखताच्या सांध्यांत साचते व वाळल्यावर तेथे सावली ठेवून जाते. शेवटी मूळ रंगात थोडा फिका रंग मिसळून तो खांद्यावर, गुडघ्यावर, नाकाच्या शेंड्यावर आणि वस्त्राच्या कडांवर टेकवावा. केस, लोकर किंवा खडक असेल तर कुंचला रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि उंचवट्यांवरून अलगद फिरवावा. सावली, मूळ रंग आणि ऊन या तीन छटा जागच्या जागी बसल्या, की हातभर अंतरावरून ती मूर्ती एकाएकी भरीव दिसू लागते.

सरंजाम थोडाच लागतो, पण तो पारखून घ्यावा. नवशिक्याचा समज असा, की काम बारीक म्हणजे कुंचला बारीक हवा. वस्तुतः अतिसूक्ष्म कुंचल्यात रंग मावतो थोडा आणि मूर्तीपर्यंत पोचण्यापूर्वीच तो टोकाशी वाळतो. पोट भरदार आणि अणी टोकदार असा एक किंवा दोन नंबरचा गोल कुंचला डोळ्यांच्या कामालाही पुरतो. सैबेरियाकडील कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे कुंचले यासाठी नावाजलेले आहेत. विन्सर अँड न्यूटन या इंग्रज कंपनीची 'सीरीज सेव्हन' ही मालिका तर १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी म्हणून तयार झाली होती. आपल्या वैशाखात रंग ताटलीवर घटकाभरही ओले राहत नाहीत. त्यासाठी जेवणाच्या डब्याच्या झाकणात ओला स्पंज पसरून त्यावर बटर पेपर अंथरावा. त्या कागदावर कालवलेला रंग संपूर्ण बैठक संपेपर्यंत ओला राहतो.

डोळे हा या कामातील कसोटीचा क्षण. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच जाते, आणि ती होईपर्यंत मूर्ती कितीही सजवली तरी ती आपल्याकडे पाहत नाही. बोटभर मूर्तीचेही तसेच. दोन्ही कोपरे मेजावर टेकून, मनगटे एकमेकांस भिडवून, श्वास सोडता सोडता मळकट पांढऱ्याचा एक आडवा ठिपका आणि त्यावर काळ्याची एक उभी रेघ द्यावी. चुकल्यास त्वचेच्या रंगाने कडा पुन्हा बांधून घ्यावी. हे एकदा साधले, की आपण मूर्तीला पाहतो आणि मूर्तीही आपल्याला पाहते.

एका मूर्तीस असे दोन-तीन तास लागतात. मग सत्तर मूर्तींची पेटी पुरी व्हावी कशी? याचे उत्तर आपल्या पंगतीत आहे. वाढपी एका पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भात सारे वाढून मग दुसऱ्या पानाकडे वळत नाही. एक जिन्नस घेऊन तो सबंध पंगतीतून फिरतो. त्याचप्रमाणे दहा मूर्ती ओळीने मांडून सर्वांना आधी त्वचेचा रंग, मग वस्त्राचा, मग वॉश असे वाढत जावे. शेवटच्या मूर्तीपर्यंत पोचेतो पहिली वाळलेली असते. सरदार किंवा राक्षस यांच्यासाठी राखून ठेवलेली मेहनत प्रत्येक प्याद्यावर खर्च करण्याचे कारण नाही, कारण पटावर फौज एकत्र पाहिली जाते.

ही मूर्ती कपाटातील काचेआड ठेवण्यासाठी नाही, हे मात्र विसरू नये. तिला खेळणाऱ्यांची बोटे लागणार, म्हणून अखेरीस निस्तेज व्हार्निशचा हात देऊन ती पटावर उतरवावी. स्वतः रंगवलेला शिपाई पटावर पुढे सरकवताना खेळाडूच्या हातास जी सावधगिरी येते, ती विकत घेतलेल्या तयार सोंगटीने येत नाही. शिवाय कोठे ऊन पडेल आणि कोठे सावली राहील याचा महिनोन्महिने विचार केलेला डोळा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या सदऱ्याकडे, त्याच्या गालफडाकडे, सायंकाळच्या भिंतीकडेही निराळ्या लक्षाने पाहू लागतो. माझ्या मते या छंदाची खरी कमाई हीच.

ज्या वाचकास हे करून पाहावेसे वाटेल, त्याने परदेशी पेटीची वाट पाहू नये. येत्या दिवाळीत मुलांनी आणलेल्या मावळ्यांपैकी एक मावळा मागून घ्यावा, त्यावर पांढऱ्या अस्तराचा हात देऊन अंगरख्याचा तांबडा रंग नव्याने भरावा, चुण्यांत गडद तपकिरी पाणी सोडावे, खांद्यावर किंचित नारिंगी ऊन टेकवावे, आणि मग तो किल्ल्यावर ठेवून चार पावले मागे सरून पाहावे.